विठ्ठलवाडी सिग्नलचा आतला आवाज

विठ्ठलवाडी
१३ जानेवारी २०२५

ती. जया आत्यास,
जयभीम.

पप्पा उद्या ठाण्याला ऑफिसला जाताना हे पाकीट तुझ्याकडे टाकतील. नेहमीसारखं चिकटवलं आहे, म्हणजे वाटेत वाचायचा त्यांना मोह नको.

तू विचारलं होतंस की मोबाईलवरच्या गेमची लीग म्हणजे नक्की काय, आणि त्याला टाळ्या वाजवायला कोणी येतं का. येतं. आमच्या खाडी लीगमध्ये ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर मिळून आठ टीम आहेत. आमची विठ्ठलवाडी सिग्नल. सामने डोंबिवलीच्या एका मंगल कार्यालयात होतात, त्यामुळे लग्नाचा मुहूर्त असला की त्या शनिवार-रविवारी लीग बंद. परवा आम्ही स्टेजवर गेलो तर मागे नवरा-नवरीच्या नावांचा थर्माकोल तसाच होता. त्याच्याखाली आम्ही पाच जण हेडफोन घालून बसलो. लाइव्ह बघणाऱ्या कोणीतरी लिहिलं, यातला नवरा कुठला.

खेळ समजायला सोपा आहे. पाच विरुद्ध पाच. दोन्ही बाजूंना टॉवर. समोरच्यांचा मोठा टॉवर पाडला की जिंकलो. पण समोरचे कुठे आहेत ते जवळ आल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणून पाचांतला एक जण अंदाज घेऊन सतत बोलतो. तू वर जा, तू थांब, आता सगळे चला. त्याला कॉलर म्हणतात, तोच कॅप्टन. आमच्याकडे हे काम सुमित करायचा. त्याचं तोंड शेअर रिक्षात माणसं भरणाऱ्यासारखं चालायचं. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो अर्ध्या सीझनमध्ये गेला.

आमचे कोच काळूदादा, म्हणजे काळुराम, इथल्याच जुन्या गावातले. त्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस करतो. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आता दर्शना बोलंल. तिला आख्खा मॅप दिसतो." मी नाही म्हटलं. का, म्हणून विचारलं तर नुसती मान हलवली.

पहिल्या चार टीम सेमीफायनलला जातात. आम्ही पाचवे आहोत आणि आमच्याकडे कॉलर नाही. बाकी सगळं ठीक.

तुझी,
दर्शना

---

नौपाडा, ठाणे
१६ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,
जयभीम आणि आशीर्वाद.

प्रशांतने पाकीट दारातूनच दिलं आणि चहा न घेता पळाला. तुझा बाप पन्नाशीला आला तरी बहिणीकडे बसायला घाबरतो, कारण मी त्याला पोट कमी कर म्हणते.

आता मुद्द्याचं बोलते. कॅप्टन व्हायला नाही का म्हणालीस ते तू लिहिलं नाहीस, पण मला न लिहिता कळलं. टीममधली पोरं मुलीचं ऐकणार नाहीत, हीच भीती ना? अगं, माझी सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत खो-खो शिकवण्यात गेली. सुरुवातीला पुरुष शिक्षक मला मैदानावर बघून हसायचे. एक दिवस मी शिट्टी अशी फुंकली की हेडमास्तर ऑफिसातून बाहेर आले. पुन्हा कोणी हसलं नाही. तूही पहिल्याच दिवशी एखाद्याला सगळ्यांदेखत झाडून काढ, बाकीचे आपोआप सरळ येतील.

तुमच्या लीगचं निवेदन करणारी योगिनी माझी विद्यार्थिनी, माहीत आहे ना? परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "बाई, तुमच्या भाचीचा खेळ नुसता बघत राहावा. समोरचा कुठून येणार ते तिला आधीच कळतं." हे ऐकल्यापासून मी फुगून बसले आहे. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं.

घरच्या लँडलाइनचा मात्र वैताग आला आहे. रिंग वाजते, मी हॅलो हॅलो करते आणि पलीकडे कोणी बोलतच नाही. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे असणार. मी सरळ ठेवून देते.

कॅप्टन झाल्याचं पत्र पाठव.

तुझी,
जया आत्या

---

विठ्ठलवाडी
२० जानेवारी २०२५

ती. जया आत्यास,
जयभीम.

आत्या, तू चुकलीस. पोरं माझं ऐकतात. सर्वेश तर मला विचारल्याशिवाय पाणी प्यायलाही उठत नाही.

माझे शब्द अजून अडकतात. कॉलेजात गेल्यावर ते थांबलं असं घरात सगळ्यांना वाटतं. थांबलेलं नाही. मी कमी बोलते आणि बोलायच्या आधी शब्द बदलते. 'कल्याण' अडकणार असं वाटलं की 'पुढचं स्टेशन' म्हणते. हजेरीला नुसता हात वर करते. कोणी नाव विचारलं की मोबाईलवर टाइप करून दाखवते, कारण माझं नावच 'द'ने सुरू होतं. पत्रात काही अडकत नाही, म्हणून मी तुला पत्रं लिहिते. तुला वाटतं माझं अक्षर सुधारावं म्हणून तू लावलेली सवय टिकली.

आमच्या लीगमध्ये एक प्रकार आहे. सामना संपला की जिंकलेल्या टीमचं खेळतानाचं बोलणं रेकॉर्डिंगमधून ऐकवतात, हॉलमधल्या स्पीकरवर आणि लाइव्हवर. त्याला 'आतला आवाज' म्हणतात. लोक त्यासाठी थांबतात. हरलेल्यांचं कोणी ऐकवत नाही. मी कॉलर झाले आणि आम्ही जिंकलो, की त्या मोठ्या स्पीकरवर मी असणार. क, क, क. त्याच्या क्लिपा निघतील, रील होतील. मी कॉलर झाले तर मनातल्या मनात हरायची वाट बघेन, आत्या. तसं खेळायचं नाही मला. त्यापेक्षा कॅप्टन नको.

विहारातलं जयंतीचं भाषण तुला आठवतं का? मी दुसरीत होते. 'बाबासाहेब' म्हणताना पहिल्याच अक्षरावर अडकले, आणि तू खालून उभी राहून सगळं भाषण म्हणून टाकलंस. टाळ्या खूप पडल्या. तेव्हा मला तुझा राग आला नव्हता. फक्त त्यानंतर मी माईकजवळ गेले नाही.

आणि ते फोन सगळेच कंपन्यांचे नव्हते. त्यातले काही माझे होते. सुमित गेल्याचं तुला सांगायचं होतं.

तुझी,
दर्शना

---

नौपाडा, ठाणे
२३ जानेवारी २०२५

चि. दर्शनास,
जयभीम.

पत्र वाचताना गॅस बंद करायचा राहिला आणि वांगी करपली. तीच खाल्ली. दुसरं काही करायचं मनात नव्हतं.

तू फोन करत होतीस आणि मी ठेवून देत होते, हे मला फार लागलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

मला उपदेश जमत नाही, खो-खो जमतो. म्हणून तेवढंच सांगते. खो-खोत धावणारी मुलगी बसलेलीला काय सांगते? "अगं ऊठ, ती लांब वेणीवाली खांबाकडे वळली आहे, तिला गाठ," असं सांगत बसली तर लांब वेणीवाली घरी जाऊन जेवून येईल. पाठीवर थाप आणि खो, बस एवढंच. ते पुरतं, कारण बसलेलीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधीच ठरलेलं असतं. तिने उठायचं आणि तोंड आहे तिकडे सुटायचं. कुठे जायचं ते ठरलेलं असतं, कधी जायचं एवढंच सांगायचं असतं.

तुमच्याकडे तसं करता येणार नाही का? सुमित जे खेळताना बडबडत होता ते तुम्ही सामन्याच्या आधी ठरवून ठेवा. मग 'कधी' एवढंच तुझ्याकडे राहील. आणि थाप काही जिभेवर अडकत नाही.

मैदान दिसणारी मुलगी मला इतक्या वर्षांत क्वचित मिळाली. पळणाऱ्या पुष्कळ असतात, हात लांब असलेल्या असतात, पण सगळं मैदान एका नजरेत दिसणारी नसते. ते शिकवता येत नाही, मी खूप प्रयत्न करून पाहिला आहे. तुला ते आहे. माझ्याच घरात ते निघालं याचा मला किती आनंद आहे ते तुला कळायचं नाही.

त्या आवाजाचं आपण बघू.

तुझी,
जया आत्या

---

विठ्ठलवाडी
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

मी कॉलर झाले.

तुझं पत्र मी काळूदादांच्या हातात दिलं. सांगायचं होतं ते सगळं त्यातच होतं. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि टीमला बोलावलं. म्हणाले, "हिची आत्या कोच पायजे व्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोल गो पोरी. अडाकली तरी बोल. आमी हाव." आमच्यातली रचना, जी झोपेतसुद्धा बोलते, ती लगेच वही काढून वाटा लिहायला बसली.

आता प्रत्येकाला त्याच्या वाटा पाठ आहेत. मी मधल्या खुर्चीवर बसते. टेबलावर एक ठोका म्हणजे रचना, दोन म्हणजे सर्वेश, आणि तळहात आपटला की सगळे. ठोक्याबरोबर खो म्हणते. कधी खो अडकतो, पण तोवर टेबल हललेलं असतं आणि ज्याने सुटायचं तो सुटलेला असतो. लाइव्हवर एकाने लिहिलं की ही टीम विपश्यनेला बसली आहे का. आम्ही उरलेले दोन्ही सामने जिंकलो आणि चौथे आलो. सेमीफायनल तुमच्या नौपाड्याच्या टीमशी आहे, पण मध्ये मुहूर्त आहेत म्हणून ती मार्चमध्ये.

एक गंमत झाली. दोन्ही वेळा 'आतला आवाज' लावलाच नाही. योगिनीताई म्हणाल्या, रेकॉर्डिंगमध्ये खरखर आली. मी घरी येऊन पोटभर जेवले. नशीब सध्या माझ्या बाजूने दिसतंय.

तुझी,
दर्शना

---

नौपाडा, ठाणे
१३ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास,
जयभीम.

मी आले होते. तुला सांगितलं नाही, उगाच दडपण नको म्हणून. मागच्या रांगेत, पंगतीच्या टेबलांच्या ढिगाशेजारी बसले होते.

मला तुमचा खेळ निम्मा कळला नाही. रंगीत माणसं धावत होती आणि शेजारचा मुलगा "मागून घेतला, मागून घेतला" म्हणत उड्या मारत होता. पण मी पडद्याकडे बघितलंच नाही, तुझ्याकडे बघत होते. तुझी मान ताठ होती, डोळे एका जागी ठरत नव्हते. तुझा हात टेबलावर पडला आणि चार जण एकाच दमात हलले. माझ्या पायात कळ आली, इतकं उठून पळावंसं वाटलं. असा खो मी आजवर कोणाला शिकवू शकले नाही.

खरखरीचं काय, मशीनचा काही भरवसा नसतो. तू त्याचा विचार सोडून दे आणि खेळावर लक्ष ठेव.

तिळाचे लाडू प्रशांतबरोबर पाठवते आहे. रचनाला जास्त दे.

तुझी,
जया आत्या

---

विठ्ठलवाडी
२४ फेब्रुवारी २०२५

आत्या,
जयभीम.

रेकॉर्डिंगमध्ये खरखर नव्हती.

नौपाड्याच्या टीमने तक्रार केली आहे. विठ्ठलवाडीचा आवाज दोनदा दाबला, म्हणजे हे लोक बाहेरून कोणाच्या तरी खाणाखुणा घेतात, असं त्यांचं म्हणणं. काळूदादांना मीटिंगला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. मग रचनाने योगिनीताईंकडून रेकॉर्डिंग मागून घेतलं. ते स्वच्छ आहे. माझा एक एक खो ऐकू येतो, अडकलेलाही.

मी योगिनीताईंना विचारायला गेले. त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "अगं, बाई स्वतः आल्या होत्या. पोरीचा आवाज लावू नकोस म्हणाल्या. मी नाही कशी म्हणणार? अजूनही त्यांनी शिट्टी मारली तर मी जेवता जेवता उठून उभी राहीन."

मला माहीत आहे तू हे मायेने केलंस. सगळे मायेनेच करतात. आई दुकानात माझ्याऐवजी बोलते, पप्पा रिक्षावाल्याला माझ्याऐवजी सांगतात. माझा शब्द अडकला की समोरच्याच्या तोंडात तो तयार असतो, आणि बरेचदा तो मला म्हणायचा होता तो नसतोच. मी जिंकायला घाबरत होते, आत्या, आणि तरीही जिंकले. ती भीती घेऊन मी तिथे बसले होते. ती माझी होती. तू माझ्या वतीने जाऊन ती परत केलीस, आणि आता माझ्या टीमवर चोरीचा आळ आहे.

मी योगिनीताईंना सांगून आले. जिंकलो तर आवाज लावा, काहीही कापू नका. हे सांगायला मला खूप वेळ लागला आणि त्या थांबल्या.

तुला सेमीफायनलला यायचं असेल तर ये. पण पुढे बस, मला दिसशील अशी. आणि ओठ हलवू नकोस.

दर्शना

---

नौपाडा, ठाणे
१० मार्च २०२५

प्रिय दर्शना,
जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की कागदावर फक्त माझी बाजू उतरायची. म्हणून ठरवलं की तू सांगितलंस तेवढंच करायचं, पुढे बसायचं आणि ओठ मिटून ठेवायचे.

काल जे झालं ते तू स्टेजवर होतीस म्हणून तुला हॉलमधून दिसलं नाही. ते तुला सांगते.

तुम्ही जिंकलात तेव्हा आमच्या नौपाड्याच्या पोरांचे चेहरे उतरले. माझ्या वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीचा मुलगा त्यात आहे, तरी मी टाळ्या वाजवल्या. आता आठवडाभर ती माझ्याशी बोलणार नाही. मग योगिनीने माईक घेतला आणि म्हणाली, "विठ्ठलवाडी सिग्नलचा आतला आवाज, पूर्ण." हॉल शांत झाला. तक्रार सगळ्यांना माहीत होती.

आधी नुसते ठोके आले. एक ठोका आणि खो, दोन ठोके आणि खो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर खो-खो खेळतात." मग तो शेवटचा भाग आला. आवाजाबरोबर पडद्यावर खेळ पुन्हा दाखवत होते, त्यात तुमचे पाचही जण समोरच्यांच्या टॉवरशी पोचले होते. एक धक्का दिला असता तर तो पडला असता असं मलासुद्धा दिसत होतं. सर्वेशचा आवाज आला, "मारू? दर्शना, मारू?" तेव्हा तुझा तळहात आपटला आणि तू म्हणालीस, "थांबा." आणि मग 'म' अडकला.

म, म. मग काहीच नाही. नुसता श्वास. पुन्हा म.

मला शब्द आला होता. खरं सांगते, तो चुकीचाच होता. मला वाटलं तुला 'मारा' म्हणायचं आहे. मी रुमाल दातांत धरला. आणि दर्शना, त्या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्या टीममधलं कोणीही बोललं नाही. ती बडबडी रचनासुद्धा नाही. समोर टॉवर उघडा पडलेला, हात शिवशिवत असणार, आणि चौघं तुझा शब्द यायची वाट बघत जागच्या जागी उभे होते. तू म्हणालीस, "मागे. आपल्या टॉवरकडे." ते वळले, आणि तिथे नौपाड्याचे तीन जण लपतछपत पोचलेले होते. ते तिघं तिथे सापडले आणि तिथेच सामना फिरला.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हसायची जागा शोधणारा एखादा असेलही, पण 'मागे' आल्यावर सगळं कार्यालय एकदम उठलं. नौपाड्याचा कॅप्टन स्टेजवर जाऊन काळूदादांच्या पाया पडला ते तू पाहिलंसच. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, दहावीतली असेल. ती तिच्या आईला म्हणाली, "मम्मी, ती अडखळली तरी ते थांबले." आईने तिचा हात धरला.

मी आयुष्यभर मुलींना ओरडून शिकवलं, लवकर, लवकर, खो लवकर दे. वाट बघणं हाही खेळाचा भाग असतो हे मला माझ्या भाचीकडून कळलं. तुझा मला अभिमान वाटतो. मी तो आता भाजीवालीला सांगणार नाही, तुलाच सांगते.

तुझी,
जया आत्या

---

विठ्ठलवाडी
२७ मार्च २०२५

ती. जया आत्यास,
जयभीम.

फायनल हरलो, हे तुला पप्पांनी सांगितलंच असेल. माजिवडा फ्लायओव्हर्स खरंच भारी खेळले. मी आमच्यातल्या कोणाला जिकडे पाठवायचे तिकडे ते आधीच उभे असायचे. काळूदादांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि पुढच्या सीझनची बोलणी तिथेच सुरू केली.

पण 'आतला आवाज' त्यांचा लागला तेव्हा आम्ही पाचही जण स्टेजच्या कडेला उभे होतो. आधी त्यांचा कॉलर बडबडत होता, सुमितसारखाच. मग अचानक तो गप्प झाला आणि स्पीकरवर टेबलाचा ठोका ऐकू आला. मग त्याचा आवाज आला, "खो." रचना ओरडली, "चोर, चोर," आणि मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे तुझं खो-खो माजिवड्यापर्यंत पोचलं. तू भाजीवालीला सांगू शकतेस.

माझ्या क्लिपाही निघाल्या. काही घाण आहेत. एक मी ठेवली आहे. त्यात नुसती ती शांतता आहे, 'म' आणि 'मागे' यांच्यामधली, आणि खाली कोणीतरी लिहिलं आहे, याला टीम म्हणतात.

आणखी पुष्कळ सांगायचं आहे. नौपाड्याच्या कॅप्टनने मला काय विचारलं ते, आणि काळूदादांच्या मनात पुढे काय आहे ते. पण ते इथे लिहीत नाही. रविवारी सकाळी तुला फोन करते. रिंग वाजेल, तू हॅलो म्हणशील आणि पलीकडे कोणी बोलणार नाही. ती मीच असेन, ठेवू नकोस. 'आत्या' म्हणायलाच मला वेळ लागेल.

लागू दे.

तुझी,
दर्शना